दुधीच्या वेलावरची शेवटची कळी

टेलरकाकांना लोंबता दोरा सहन होत नसे. बोलता बोलता ते गिऱ्हाइकाच्या अंगावरच्या शर्टाचाही दोरा कात्रीने उडवत आणि गिऱ्हाईक पोट आत ओढून उभं राही.

बायको गेल्यावर गच्चीवरचा तिचा दुधी काकांच्या गळ्यात पडला. तिने जपलेल्या बियांपैकी एकच रुजली. वेलावर लांब देठाची फुलं भाराभर यायची आणि फळ न धरता गळायची. ‘फुकटे लेकाचे’ म्हणत काका ती कळीतच छाटत. ज्या फुलांच्या मागे बोटाएवढा दुधी असे, तेवढीच ठेवत. पण तेच दुधी पिवळे पडून टपाटप गळत होते.

आता वेल खालून वाळला होता. शेंड्याला दुधीवाली एकच कळी उरली होती, ती त्या संध्याकाळी उमलणार होती. ती गळली की बायकोचं बीच संपलं.

कठड्यापलीकडे शेजारच्या वहिनी आपल्या वेलाशी खटपट करत होत्या. त्यांनी डोकावून पाहिलं.

“भावजी, ह्याची नर फुलं कुठायत?”

“नर म्हणजे?”

“लांब देठाची हो. पराग त्यांच्यातच.”

काकांनी हातातली कात्री पाठीमागे नेली. “ती मी छाटली.”

“सगळी?”

“हं.”

“धन्य आहात. घरातले पुरुष हाकलून दिलेत आणि पाळणा हलायची वाट बघताय.” मग त्यांचा आवाज उतरला. “माझं एक देऊ?”

“नको. तुमचं मिसळलं तर बी तिचं कसं राहील?”

“दुधी तिचाच लागेल. बी अर्धं माझं होईल, खोटं कशाला बोलू? पण भावजी, यंदा कीड पडते म्हणून मी ही बारीक जाळी लावली. आधी कुठं होती? तिन्हीसांजेला फुलांवरचे पतंग माझ्याकडून तिच्याकडे, तिच्याकडून माझ्याकडे. त्यांना कोण अडवणार?”

काकांना आठवलं. मागे एकदा बायको दुधी चिरताना हसली होती. “ह्याला बघा, यंदा मान फुटलीय,” म्हणाली होती. मान असायची ती वहिनींच्या दुधींना; ती इथे कुठून आली, हे त्यांनी विचारलं नव्हतं. तिला मात्र ठाऊक असणार. ठाऊक असूनच तिने ते बी ठेवलं होतं.

अंधारून आलं तशी कळी सुटली. पांढऱ्या पाकळ्या, अजून चुरगळलेल्या.

“द्या,” काका म्हणाले. “ताजं बघून द्या.”

वहिनींनी जाळीतून फूल खुडून दिलं. काकांनी त्याच्या पाकळ्या काढल्या आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या आत टेकवला.

“हळू, भावजी.”

“हळूच करतोय.”

आठवड्याभरात दुधी गळायच्या ऐवजी फुगला.

“भाजीला कधी काढताय?” वहिनींनी विचारलं.

“नाही काढणार. हा बियांसाठी.”

“पुढच्या वर्षी कसले लागतील?”

“लावल्यावर बघू,” काका म्हणाले आणि आळ्यात पाणी घालू लागले.