सोजरमावशीचा भरवसा

सोजरमावशीच्या हातात कापड दिलं की ती आधी त्याची चौकशी करायची. कुणाचं, कधी घेतलं, कशानं फाटलं. मग त्याचा एक कोपरा पाण्यात बुडवून मांडीवरच्या पांढऱ्या चिंधीवर खसाखसा घासायची. रंग उतरला नाही तरी तिचं समाधान होत नसे. "आज न्हाई उतरला. उद्याचं कुणी बघितलंय?" म्हणत ती ते कापड बाजूला टाकायची आणि दोन दिवसांनी पुन्हा घासून बघायची. लाल रंगावर तर तिचा खास डूख होता. "लाल लई लबाड. गप बसतो अन् पहिल्या धुण्यात शेजाऱ्याचं तोंड रंगवतो."

ती गोधड्या शिवायची. लातूरला अकरावी-बारावीसाठी आम्ही पाच मुली एका काकूंकडे खोली घेऊन राहत होतो. डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरापोरींनी तेव्हा लातूरची गल्ली न् गल्ली भरली होती. मी हदगावहून आलेली त्यातलीच एक. थंडी तोंडावर आल्यावर काकूंनी फर्मान काढलं, घरून जुने कपडे मागवा, प्रत्येकीला गोधडी शिवून घेऊ. माझ्या वडिलांनी आईची लुगडी, स्वतःचे सदरे, माझे शाळेचे झगे असं गाठोडं पाठवलं, आणि औशाकडची सोजरमावशी अंगणात येऊन बसली. भूकंपाला आठ-नऊ वर्षं झाली होती. त्यात हिचं घर गेलं, एवढंच काकू बोलल्या. मावशी स्लॅबखाली पाऊल ठेवायची नाही. पाणीसुद्धा उंबऱ्याबाहेरच प्यायची.

शिवण तिच्या लेखी दुय्यम, खरा जीव मांडणीत. लुगडं अंथरून त्यावर तुकडे ठेवायचे, पायरीवर जाऊन डोळे बारीक करून बघायचं, परत येऊन सगळे उचलायचे. पायांकडे गडद, कारण मळ तिथं. तोंडाकडे फिकट, कारण "तोंडापाशी काय हाय ते दिसाय पायजे." फुलाशेजारी फूल नाही. "दोन फुलं शेजारी आली की एक बी दिसत न्हाई. मधी एखादा मुका रंग बसवायचा." एकेका गोधडीची मांडणी तीन-तीन दिवस चाले. मला वाटायचं, ही बाई रंग जुळवत नाही, त्यांना जामिनावर सोडते.

माझ्या गोधडीला एक पट्टी कमी पडली म्हणून मी माझी जुनी ओढणी दिली. मावशीनं तिचा कोपरा चिमटीत धरला.

"ही कुणी खाल्ली गं?"

"उंदरानं," मी म्हणाले.

"उंदीर कुरतडतो. ही चावलेली हाय."

दुसऱ्या दिवशी ती दोरीवर वाळणाऱ्या माझ्या सलवारीपाशी उभी. "काय गं हदगाववाली, सलवारीला कुसळं हायती. क्लासात गवत उगवलंय का?"

तीन आठवडे मी क्लासला गेलेच नव्हते. चाचण्यांत मार्क घसरत गेले, फळ्याकडे बघितलं की छाती धडधडायची, म्हणून सकाळी दप्तर घेऊन निघायचं, गावाबाहेरच्या माळावर गवतात ओढणी चावत बसायचं आणि संध्याकाळी परत यायचं. तिकडे वडील आख्ख्या आळीला सांगत होते, "आमची वनिता डॉक्टरकीचा अभ्यास करून राहिली." म्हातारी काकूंची हेर आहे आणि तिला माझ्या दांड्यांचा वास आलाय, अशी माझी खात्री पटली. मग मीच आधी काडी लावली. काकूंना सांगितलं, मावशी आपले तुकडे चोरते.

काकूंनी अवघडत तिला पिशवी दाखवायला सांगितली. मला वाटलं, आता ही आकाशपाताळ एक करते. मावशीनं पिशवी सरळ पालथी केली. सुया, दोऱ्याची रिळं आणि डागांनी भरलेली ती चिंधी.

"अस्तर बी उलटं करून बघा," ती म्हणाली. "पोरीनं संशय घेतला ते ब्येस केलं. बघितलेलं बरं असतंय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

काकू आत गेल्यावर तिनं मला शेजारी बसवलं. "भुकंपाच्या आधी वरीसभर आमच्या फळीवरची भांडी वाजायची. उगं जराशी. मी म्हणायची, कायतरी हाय. मालक म्हणायचे, काय होत न्हाई, गप ऱ्हा. मी ऐकलं. माझी रतन गेली त्यात. तुझ्याएवढीच व्हती." तिनं चिंधीची घडी घातली, पुन्हा मोडली. मग माझ्याकडे बघत विचारलं, "तू कधीपासून वाजायलीस, माय?"

मी तिच्या मांडीवर डोकं टाकून रडले. क्लासचं सांगितलं, आणि माळावर बसून काय मनात येतं, खोलीवर जाऊ नये, घरी जाऊ नये, आपण कुठंच असू नये, तेही सांगितलं. तोवर मी ते स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं.

मावशीनं ते काकूंच्या कानावर घातलं, काकूंनी फोन केला आणि दुसऱ्या दिवशी वडील आले. सगळं ऐकून हसले. "वय आहे हो. जरा घाबरून राहिली पोरगी. बाकी काही होत नाही."

"आमचे मालक बी हेच म्हणले व्हते," मावशी म्हणाली.

वडिलांना कळेना. काकूंनी हलक्या आवाजात रतनचं सांगितलं. त्यांनी टोपी काढून हातात धरली आणि मला म्हणाले, "बॅग भर, बाई. घरी चल."

मी मावशीला म्हणाले, मला आता बरं वाटतंय. "तू म्हणतीस," ती म्हणाली आणि माझ्या अर्धवट गोधडीचं गाठोडं काखेत मारून आमच्याबरोबर एसटीत चढली.

हदगावात ती नऊ दिवस राहिली, अंगणातच. तुकडे मांडायची, मोडायची आणि माझ्यावर डोळा ठेवायची. जेवले का, झोपले का, न्हाणीत इतका वेळ काय करायलीस. माझ्या आईवरसुद्धा तिचा विश्वास नव्हता.

पुढे मी बीए केलं. आता उमरीला शाळेत शिकवते. मावशी गेल्याचं काकूंकडून महिनाभरानं कळलं. जिनं मला एवढं बघितलं, तिला शेवटी बघायला मी नव्हते, हे अजून टोचतं. पण आठवते ती मात्र त्या नवव्या दिवसाची. तिनं आईच्या हिरव्या लुगड्याशेजारी एक पिवळा तुकडा ठेवला होता.

"मावशी, तो पिवळा तिथं नको. बोंबलतोय," मी म्हणाले.

"ऱ्हाऊ दे. मला कळतंय."

"काही कळत नाही तुला. सरक." मी गुडघ्यावर बसले, पिवळा उचलून पायांकडे टाकला, त्याच्यापायी सगळी ओळ बदलली. ती अडवत गेली, मी ऐकलं नाही. चांगलं तासभर भांडलो आम्ही.

मग तिनं सुई-दोरा माझ्या पुढ्यात ठेवला, पिशवी उचलली आणि आईला म्हणाली, "जाते मी, बाई."

"अहो, गोधडी अर्धीच राहिली की," आई म्हणाली.

"तिची ती करंल."

मी फाटकाशी उभी राहिले. वाटलं, वळणावर तरी थांबून बघेल. ती सरळ स्टँडाकडे चालत गेली, एकदाही मागं वळून बघितलं नाही.