देवकाबाईच्या ढोलीवरच्या सहा गाई

सानगडीच्या देवकाबाईंनी कायदा मोडला तो भक्तीपायी. हे मी तेव्हा तपासणीला आलेल्या साहेबाला तोंडावर सांगितलं, आता लिहूनही ठेवतो.

साल १९८३. नवरा वारल्यापासून बाई किराणा दुकान एकट्यानं चालवत. कोणी भाव विचारला की आधी म्हणत, "घेतेस का नुसतं इचारतेस?" त्या दिवाळीत त्यांनी नागपूरच्या ठोक व्यापाऱ्याकडून परदेशी दूध पावडरचे सहा डबे आणले. प्रत्येक डब्यावर कागदी लेबल आणि त्यावर गाय. शिंगं नाहीत, पण कास अशी की आमच्या चार गाईंची मिळून भरणार नाही.

दुसऱ्या दिवशी गायगोधन, गाई पूजायचा सण. बाईंनी सहाही लेबलं भिजवून सोडवली, घरी धान साठवायच्या ढोलीवर ओळीनं चिकटवली, हळदकुंकू वाहिलं. उघडेबोडके डबे दुकानात मांडले.

आठ दिवसांनी भंडाऱ्याहून अन्न निरीक्षक आले.

"यात काय आहे?"

"दूध. पावडरचं."

"कशावरून?"

"फोडून पाहा. मंग तो डबा तुमचा, पैसे देऊन."

साहेब म्हणाले, "बाई, हा बाहेर देशातून आलेला माल. कुठं बनला, आयात कोणी केला, कधी भरला, हे डब्यावर नसेल तर विकता येत नाही. उद्या एखादं लेकरू आजारी पडलं तर धरायचं कोणाला?"

"मले धरा. मी कुठी पळून जाऊन राहिली?"

"लायसन रद्द होईल."

तेव्हा कुठं बाई घाबरल्या. दुकान गेलं तर दुसऱ्याच्या बांधीत मजुरीनं धानाच्या रोवणीला जायचं, हे त्यांना दिसलं. त्यांनी मला बोलावणं धाडलं. मी सातवी नापास, पण भेसळीचा कायदा कलमासकट वाचलेला. गेल्या गेल्या साहेबांना विचारलं, "मोठ्या व्यापाऱ्याच्या गोदामात शिरायची छाती आहे का तुमची?" साहेब तापले. मी आधीच तापलेला होतो. अर्धा तास कोणी कोणाचं ऐकलं नाही.

बाई हळूच म्हणाल्या, "लेबलं हायेत ना घरी."

"मंग आधी काहून नाही सांगितलं?" मी ओरडलो.

"तुम्ही दोघं बोलू द्याल तवा ना, भाऊ."

मग डबे, नागपूरचं बिल आणि आम्ही, सगळे ढोलीपुढे. भरणीचा, म्हणजे बॅचचा, नंबर नेमका कुंकवाखाली. साहेबांनी रुमाल काढला.

"गाईचं कुंकू पुसू नका, साहेब."

"मग वाचू कसं?"

बाईंनी गाईला हात जोडले, माफी मागितली आणि आपल्याच पदरानं पुसलं. लेबलावरचा नंबर डब्याच्या बुडाशी ठोकलेल्या नंबराशी जुळला. माल आणणाऱ्या मुंबईच्या कंपनीचं नाव होतं, बिलही बरोबर. लायसन वाचलं. पण साहेबांचा हुकूम झाला, लेबलं परत डब्यांवर लावा.

भाताच्या खळीनं पाच लागली. पाठीला ढोलीच्या सारवणाचं शेण, पोटावर हळद. सहाव्याला बाई हात लावू देईनात.

"एक तरी गाय राहू द्या."

"तो डबा विकता येणार नाही मग."

"विकते कोण?" बाईंनी तिथंच झाकण उचकटलं आणि चूल पेटवली.

"घरच्या डब्याला तुमचं कलम लागत नाही," मी सांगितलं. साहेबांना ते ठाऊक होतं. त्यांनी लिहिलं: पाच डबे विक्रीस योग्य, सहावा घरगुती वापरात.

सही होईस्तोवर त्याच पावडरचा चहा आला. साहेबांनी बशीत ओतला, फुंकर मारली आणि थांबले. उठून ढोलीपाशी गेले, चष्मा लावून डबा भरल्याची तारीख वाचली, परत येऊन बसले आणि मगच प्याले.