खिडकीतला पेला

नागपूर स्टेशनवर मला सोडायला अकरा जण आले होते, आणि अकराच्या अकरा जणांना मी हसवलं. कॅनडातल्या अणुवीज केंद्रात, जड पाण्याच्या विभागात नोकरी लागली होती. बाबांनी विचारलं, "पाणी जड कसं असते गा?" मी पाण्याची बाटली दोन्ही हातांनी उचलली, गुडघ्यात वाकलो आणि धापा टाकत ती डब्याच्या दारापर्यंत नेली. हिंगण्याच्या कारखान्यात जन्मभर लोखंड उचललेले बाबा सगळ्यांत जास्त हसले.

मागे राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, जड पाणी साध्यापेक्षा जरासंच जड असतं. अणुभट्टीत फिरून फिरून त्यात ट्रिटियम नावाचा किरणोत्सारी हायड्रोजन साठतो. तरी पाणी इतकं मोलाचं की फेकत नाहीत. आमचा प्लांट ट्रिटियम आधी वायूत उतरवतो, मग तो वायू भयंकर गार करून उंच स्तंभांमध्ये वेगळा काढतो. ट्रिटियम डब्यात बंद, पाणी परत भट्टीत. आम्हा कामगारांचंही पाणी तपासतात: लघवीचं सॅम्पल बाटलीत ठेवायचं आणि घरी जायचं.

एका वर्षी सुट्टीवर निघायच्या आठवड्यात माझ्या सॅम्पलमध्ये ट्रिटियमचं प्रमाण थोडं जास्त आलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, भरपूर पाणी पी, हळूहळू निघून जाईल. घरच्यांना धोका नाही, खुशाल जा.

हे शेवटचं वाक्य मी विमानातच टाकून आलो. घरी पोचताच जाहीर केलं की माझ्या अंगात ट्रिटियम आहे, माझा पेला वेगळा ठेवा. मागच्या खिडकीत स्टीलचा पेला मांडला. मावश्या तोंडाला पदर लावून लांबूनच विचारपूस करत होत्या. मी घोटागणिक डोळे मोठे करत होतो. काय रंगला होता खेळ!

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा त्या खिडकीपाशी उभे राहिले. मौद्याकडच्या त्यांच्या गावात, चहाच्या टपरीबाहेर खिळ्याला त्यांच्यासाठी वेगळा कप टांगलेला असे. पिऊन, धुऊन परत टांगायचा. हे त्यांनी मला आणि ताईला एकदाच सांगितलं होतं. म्हणूनच आमच्या घरात कुणाचा पेला ठरलेला नसे. मला हे ठाऊक होतं, आणि तरीही.

"डॉक्टरनं सांगितलं का वेगळा ठेवाले?"

मी हो म्हणालो.

बाबांनी पेला उचलला, माझं उष्टं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत प्याले. "मंग मले बी होऊ दे," म्हणाले, "पण या घरात पेला वेगळा नाही राहत." धुऊन रॅकवर इतरांत ठेवून दिला. माझा कुठला, ते मलाही ओळखू येईना.

हा किस्सा मी इथल्या मंडळींत खूपदा रंगवला आहे. मावश्यांच्या पदरापाशी थांबतो, टाळ्या घेतो. बाबा अजून फोनवर विचारतात, "निघालं का गा ते अंगातून?" माझ्या खोट्यावर विश्वास ठेवून ते प्याले होते, आणि काळजी माझीच करतात.

ताई, हे बाबांना वाचून दाखव, डॉक्टरीणबाईंच्या वाक्यासकट. मी हिवाळ्यात येतोय. रागावले तर रागावू देत. फक्त त्यांना विचार, रॅकवरचा कुठलाही पेला घेतला तर चालेल ना.