पाव्हण्यांचा निरोप

आमच्या डिशवाल्याचं नाव मी कधी विचारलंच नाही. मोबाइलमध्येही तो ‘डिशवाला’च आहे. नवी पेठेतल्या कुठल्याही गच्चीवर चढताना तो चपला जिन्यात काढतो आणि आकाशातल्या उपग्रहाला ‘पाव्हणं’ म्हणतो. चित्र गोठलं की डिशवर हात ठेवून सांगणार, “पाव्हणं अक्कलकोटच्या अंगाला बसल्यात की. तुमची छत्रीच भलतीकडं बघतीया.”

परवा मालिकेतलं लग्न तोंडावर आलं असताना आमचा टीव्ही बंद पडला. बायकोनं त्याला फोनवर असं झापलं, की तो हातातला घास टाकून आला. वर गेला तो खाली येईचना. मी जाऊन बघतो तर हा आकाशाकडे हात जोडून उभा.

“पाव्हण्यांचं इंधन संपत आलं,” तो म्हणाला. “आता त्यास्नी आनखी वर, लांब नेऊन सोडत्यात. लई राबलं बिचारं.”

मग त्यानं डिश नव्या उपग्रहाकडे, जरा विजापूरच्या बाजूला वळवली, नट आवळले आणि मागे न बघता जिना उतरला. दारात येऊन थबकला.

“वैनी, पायावर पानी घाला जरा.”

मसणातून आल्यासारखा तो उंबऱ्याबाहेर उभा होता. मघाशी कडाडणारी माझी बायको निमूट तांब्या घेऊन आली. त्याच्या पायांवर पाणी घातलं आणि हळूच विचारलं, “मग आज लग्नाचा भाग बघितलेला चालतो का हो?”