कॅमेरा फिरव जरा

"तो कॅमेरा फिरव जरा तिकडे. आम्हाला इथपर्यंत वास येतोय."

सर असं म्हणाले आणि मोबाईलवरच्या चौकोनांतली पोरं हसली. काहींनी नाकं दाबून दाखवली.

कोरोनातली अकरावी. हर्णैच्या आमच्या घरात रेंज नव्हती. ती मिळायची बंदरालगत, मासळी सुकवायच्या वाळवणात. माझ्या पाठीमागे दोऱ्यांवर बोंबील, आणि ते उलटवणारी आई. कॅमेरा बंद केला की गैरहजेरी, असा सरांचा नियम. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. नाव कमी झालं तर संपलंच, ही धास्ती.

सरांचा आवाज माझ्या कानातल्या वायरीत होता. आईला काहीच ऐकू गेलं नाही. तिला दिसलं एवढंच, की सर हसतायत. तिने हात पुसले, पदर सारखा केला आणि वाकून सरांना नमस्कार केला.

पोरं आणखी हसली.

"मास्तर हसले गो माज्याकडं बगून," आई म्हणाली. "चांगला मानूस दिसतो."

मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी ती ठेवणीतली साडी नेसून वाळवणात आली. बोंबील उलटवायला. सर बघतील म्हणून. मला रडू फुटायचंच बाकी होतं.

"परत तिथेच?" सर म्हणाले. "काल सांगितलं होतं ना?"

वर्गात मी कधी तोंड उघडलं नव्हतं. आई पलीकडच्या दोरीकडे गेली तसा मी माईक चालू केला.

"सर, वास येत असेल तर तुमचा कॅमेरा बंद करा. ती माझी आई आहे. काम करतेय. ती इथून हलणार नाही."

कोणी हसलं नाही. पुढच्या क्षणी सरांनी मला वर्गाबाहेर काढलं. परत जोडलं. पडद्यावर 'आत घेईपर्यंत थांबा', एवढीच ओळ.

"सुटला काय गो तास?" आईने विचारलं.

"नाय."

वर्ष जाणार, असंच वाटत होतं. तरी जागची हलले नाही. आज नाही घेतलं तर उद्या जोडेन, परवा जोडेन. घाबरत जोडेन. पण इथूनच, आणि मागे आई दिसेल.