ताईला ऐकू आलेली हाक

माझी मोठी बहीण प्रज्ञाताई कधी कुणाला रस्ता विचारत नाही. बसस्टँडवर उतरली तरी चौकशीच्या खिडकीकडे ढुंकूनही न पाहता ती तरातरा चालू लागते. चुकीच्या बसमध्ये बसलो हे कळल्यावरही चूक तिची नसते, ती बस चुकीच्या जागी उभी असते. "रस्ता इचारला म्हंजे आपून हरवलो हे कबूल केलं," असं ती बजावते. शाळेत तिचं गणित चुकलं तेव्हा तिने सरांना प्रश्न पुन्हा तपासायला सांगितला होता. बाबा म्हणायचे, ही पोरगी सासरी जाताना नवऱ्यालाच त्याच्या घरचा रस्ता दाखवील.

आमचं घर वरवट बकालला. ताई सोळाची आणि मी बारा वर्षांची असताना दिवाळीच्या सुटीत आम्ही मावशीकडे गेलो होतो. मावशीचं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी आहे, घराच्या मागून चढ सुरू होतो आणि त्या दिवसांत रानात सीताफळं लागलेली असतात. मावशीने थैली दिली, स्वतःचा मोबाइल दिला आणि समोरच्या उतारापलीकडे जाऊ नका असं दोनदा सांगितलं. समोरच्या उतारावरची फळं गावातल्या पोरांनी आधीच उतरवली होती. ताईने कमरेवर हात ठेवून डोंगर न्याहाळला आणि म्हणाली, "मोठे फळं तिकडल्या अंगाले असतीन. चाल, मले माहीत हाये."

वाटेत शेळ्या राखणारे एक आजोबा भेटले. "कुठं चालल्या वं पोरीहो?" त्यांनी विचारलं. ताईने "इथंच" म्हणून त्यांची बोळवण केली. मोठी फळं खरंच मिळाली, पण सगळी कच्ची, दगडासारखी टणक. थैली गच्च भरून वळलो तर आलेली वाट दिसेना. मोबाइलला रेंज नव्हती, आणि होती नव्हती ती बॅटरी ताईने सीताफळांसोबत फोटो काढण्यात खर्ची घातली होती. तिने एक कोरडा नाला पकडला. नाला खाली उतरतो म्हणजे गावातच जातो, असं तिचं शास्त्र होतं. नाल्याला हे शास्त्र कुणी सांगितलं नव्हतं. तो आम्हाला आणखी दाट रानात घेऊन गेला. तिथे एका गोट्यावरून माझा पाय घसरला आणि घोटा पाहता पाहता सुजला.

दिवस बुडाला तशी थंडी अंगात शिरू लागली. पाय टेकवला की डोळ्यांपुढे काजवे चमकत. त्या रानात अस्वलं आहेत हे मावशीने आदल्या दिवशीच सांगितलेलं, त्यामुळे मी गळा काढला. ताई खेकसली, "रडू नको वं, घरी जाऊन रड. तिथं पाणी बी भेटते." मी म्हटलं, तू एकटी जा आणि माणसं घेऊन ये. तिने माझ्याकडे पाहिलं, मग इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "अन परत तुह्यापाशी कशी येऊ? मले काय रस्ता माहीत हाये?" ताईला एखादी गोष्ट माहीत नसते हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. अस्वलाची भीती वाटली नव्हती एवढी भीती मला तेव्हा वाटली.

मग ती उठून ओरडायला लागली. ताईचा आवाज आमच्या गल्लीत बदनाम आहे. "हो ऽऽऽ" अशी तिची आरोळी डोंगरावर जाऊन आदळली, आणि थोड्या वेळाने लांबून तशीच "हो ऽऽऽ" आली. आम्ही एकमेकींना मिठी मारली. ताई पुन्हा ओरडली, पुन्हा उत्तर आलं. माणूस निघाला, आता पोचेलच, असं म्हणत आम्ही कितीतरी वेळ बसलो. ती ओरडायची, तो ओरडायचा, आणि येत कुणीच नव्हतं. थैलीतलं एक सीताफळ खायचा प्रयत्न केला, तर दातच हलला.

ताईचा घसा बसला तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. रानडुकरं आणि रोही म्हणजे नीलगाई पीक खातात म्हणून आमच्याकडे माणसं रात्रभर शेतात जागल करतात. डोळा लागू नये म्हणून एका शेतातला जागल्या आरोळी देतो आणि दुसऱ्या शेतातल्याने तिला उत्तर द्यायचं, असा रिवाज आहे. त्यात निरोप काही नसतो. आमचा माणूस बिचारा शेजारधर्म पाळत होता. "हा मले जागल्या समजून राह्यला," ताई घोगऱ्या आवाजात म्हणाली. तिला त्याचा राग आला होता. पण राग येता येताच तिला दुसरंही सुचलं. "तो एका जागी बसून ओरडते. म्हंजे जिकडं आवाज तिकडं शेत. अन तो झोपायच्या आत आपल्याले पोचा लागते."

तिने मला पाठुंगळी घेतलं आणि थैली माझ्या गळ्यात अडकवली. थैली टाकून दे म्हटलं तर म्हणाली, "मावशीले काय तोंड दाखवू?" वाट नव्हतीच. झुडपं अंगावर ओरखडे काढत होती आणि ताई दर थोड्या पावलांनी थांबून हाक ऐकायची. तिच्या घशातून आता उत्तर निघत नव्हतं. हळूहळू समोरचा आवाजही विरळ झाला आणि मग बंदच पडला.

ताई थांबली. तिची पाठ धडधडत होती, ते मला पोटाला कळत होतं. "ओरडून राह्यला ना तो," ती म्हणाली. "येते ना ऐकू तुले?"

मला रातकिड्यांशिवाय काहीही ऐकू येत नव्हतं. मी म्हटलं, "हाव. समोरूनच येऊन राह्यला."

"मंग धरून बस नीट," असं म्हणून ती चालू लागली. त्यानंतर ती तीनदा पडली. दर वेळी उठून म्हणायची, "आता जवळ आला पाह्य आवाज," आणि मी हो म्हणायचे. अखेर झाडांतून तुरीचं शेत दिसलं आणि विझत आलेली शेकोटी दिसली.

शेकोटीजवळ घोंगडी पांघरून झोपलेले काका दचकून काठी घेऊन उठले. सगळं ऐकल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "मले वाटलं कोनी नवा जागल्या आला, आवाज लय दमदार हाये. मंग तिकडचा आवाज बंद झाला, तं माहा बी डोळा लागला. केव्हाचा झोपलो मी."

"खोटं नोका बोलू काका," ताई म्हणाली. "तुमी शेवटपर्यंत ओरडत होते."

ती माझ्याकडे वळली. चेहऱ्यावर काट्यांचे ओरखडे होते. मी म्हटलं, "हाव काका, ओरडत होते तुमी."

मग ताई त्या शेकोटीजवळ मटकन बसली आणि हमसून हमसून रडली. काकांना काही कळेना. ते परत परत म्हणत राहिले, "बरं बाई, ओरडलो असीन."

ताई आता मेहकरला सासरी असते. ही गोष्ट ती आपल्या मुलीला रंगवून सांगते, आणि तिच्या गोष्टीत तो माणूस शेवटपर्यंत ओरडत असतो. मागच्या भेटीत भाचीने मला बाजूला घेऊन विचारलं, "मावशी, खरंच ऐकू येत होतं का वं?" ताई स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला.

"हाव," मी म्हटलं. "अगदी शेवटपर्यंत."