एकसष्ट टक्क्यांवर थांबवलेली पेटी

ज्या पेटीत एका शाळेची तीस वर्षे साठवलेली होती, ती बाईंच्या घरी चपलांच्या कपाटावर ठेवलेली होती. घरातील इंटरनेटची वायर तेथपर्यंतच पोहोचत असे.

बाई कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवत. मुले जे शब्द हातांनी बोलत, त्यांचे चित्रण त्यांनी वर्षानुवर्षे केले होते: तीन हजार एकशे बारा खुणा. त्यांतील कित्येक खुणा मुलांनी स्वतःच घडवलेल्या आणि इतरत्र कोठेही न नोंदवलेल्या. शाळेला नवे सभागृह मिळाले, तेव्हा मुख्याध्यापकांनी या सगळ्या कॅसेटी रद्दीत काढल्या. "हे आता पाहणार कोण?" असे ते म्हणाले, आणि त्याच आठवड्यात सभागृहात स्वतःची तसबीर लावून घेतली. बाईंनी कॅसेटी घरी आणल्या आणि निवृत्तीची पहिली दोन वर्षे त्या पेटीत उतरवून घेण्यात घालवली.

पेटी म्हणजे घरातल्या सगळ्या उपकरणांना वापरता येईल असा फाइलींचा साठा; तिच्यात दोन डिस्क होत्या. एकीवर जे असे तेच दुसरीवर, म्हणजे एक गेली तरी दुसरी राहते. गेल्या आठवड्यात एक गेली. बाईंनी नवी आणून बसवली, आणि आदल्या दिवशी सकाळपासून पेटी जुन्या डिस्कवरचे सारे नव्या डिस्कवर उतरवत होती. हे काम पुरे होईपर्यंत सगळा भार त्या एका जुन्या डिस्कवर होता. संगणकाच्या पडद्यावर आकडा होता एकसष्ट टक्के.

सकाळी अकराच्या सुमारास बेल वाजली. दारात मीटरवाला.

"काकू, मीटर बदलायचंय. तासभर लाइट जाईल."

"आत्ता? आधी कळवायला नको?"

"नोटीस लावलीय की खाली."

"खाली कुठे?"

"मीटरच्या कपाटात, आतल्या बाजूला."

त्या कपाटाची किल्ली वीजखात्याकडे असते. नागरिकांना सूचना देण्याची याहून सुरक्षित पद्धत कोणत्याही खात्याला अद्याप सुचलेली नसावी.

"उद्या या ना."

"उद्या नाही जमणार. पुढची तारीख दोन महिन्यांनी. आणि तुमच्या लाइनवर खालची तीन घरं आहेत, त्यांनी हो म्हटलंय. अर्धा तास थांबतो, त्यापुढे मला खटका पाडावाच लागेल."

गोदामातून निवृत्त झालेले बाईंचे यजमान वर्तमानपत्र घेऊन बाहेर आले. "अगं, काढ की पिन! फ्रिज नाही का आपण असाच बंद करत?"

"फ्रिजमध्ये कोणी काही लिहीत नसतं, अहो. हिच्यात लिहिणं चालू आहे. मध्येच तोडलं आणि जुन्या डिस्कला काही झालं, तर सगळंच गेलं."

पेटीबरोबर आलेल्या पत्रकात सहा चित्रे होती आणि एकही शब्द नव्हता. सहाव्या चित्रात एक हसरा माणूस पेटीकडे पाहत होता. बाईंनी कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. नऊ मिनिटे संगीत ऐकल्यावर एक मुलगी म्हणाली, "मॅडम, पेटी बंद करून पुन्हा चालू करा."

"बंद कशी करू, हेच तर विचारतेय!"

"बंद करून पुन्हा चालू करा, मॅडम. आणखी काही मदत?"

बाईंनी फोन ठेवला. वर्गात त्यांचा एक नियम असे. मूल हातांनी बोलत असताना चुकले, तरी त्याचे मनगट धरायचे नाही. समोर जायचे, त्याची नजर घ्यायची, हातातला शब्द पुरा होऊ द्यायचा आणि मग दुरुस्त करायचे. नव्या शिक्षिका मनगट धरत आणि मूल दिवसभर फुरंगटून बसे. पेटीलाही आधी सांगावे लागणार, हे बाईंना कोणी न सांगताच कळले. कसे सांगायचे, एवढेच शोधायचे होते.

संपूर्ण पुस्तिका होती, पण ती कागदावर नव्हती. पेटीतच होती. म्हणजे पेटी बंद कशी करावी, हे पेटी चालू असेपर्यंतच वाचता येत होते. सत्तेचाळिसाव्या पानावर चार वाक्ये सापडली. दुरुस्ती चालू असताना वीज तोडू नये. बंद करणे भागच असल्यास पेटीशी जोडलेली इतर सर्व उपकरणे आधी मोकळी करावीत आणि मग संगणकाच्या पडद्यावरून 'बंद करा' निवडावे; झालेले काम नोंदले जाते आणि पुढे तेथूनच सुरू होते. सर्व दिवे विझेपर्यंत थांबावे. पेटीच्या दर्शनी बाजूचे बटण दाबून धरू नये.

जोडलेली उपकरणे: दोन. एक बाईंचा संगणक. दुसरे?

"अहो, टीव्हीवर काय लावलंय?"

"काही नाही. बंद आहे."

बाई बाहेरच्या खोलीत गेल्या. पडदा काळा होता, पण खालचा दिवा हिरवा होता.

"बंद म्हणजे... पेटीतला सिनेमा थांबवून ठेवलाय कालपासून," यजमान म्हणाले. "हीरो पुलावर आहे."

"उतरवा त्याला."

"अगं, ऐन मोक्याला—"

"काका, उतरवा हो," दारातून मीटरवाला म्हणाला. "वीस मिनिटं झाली. मी काय त्याच्यासोबत उडी मारू?"

हीरो उतरला. उपकरणांचा आकडा एकवर आला. बाईंनी 'बंद करा' निवडले. पेटीचे दिवे लुकलुकत राहिले. एक मिनिट, दोन, तीन.

"अडकली वाटतं," यजमान म्हणाले आणि त्यांचे बोट बटणाकडे गेले. "जरा जोरात दाबू का?"

बाईंनी त्यांचे मनगट हवेतच पकडले. तीस वर्षांत प्रथमच.

"सोड की! दुखतंय."

"दिवे विझले की सोडते."

आणखी दीड मिनिटाने शेवटचा दिवा विझला. मग बाईंनी पिन काढली आणि मीटरवाल्याला म्हटले, "आता पाडा तुमचा खटका."

खात्याचा तास पावणेदोन तासांनी संपला. वीज आली, तेव्हा बाईंनी लगेच काहीच केले नाही. खोलीतला दिवा दोनदा गेला-आला, तो स्थिर होईपर्यंत त्या थांबल्या. मग पेटी लावली. संगणकावर तिचा पडदा उघडायला चार मिनिटे लागली. आकडा एकसष्ट होता. थोड्या वेळाने बासष्ट झाला. बाईंनी पहिली, शेवटची आणि मधली एक खूण उघडून पाहिली. तिन्ही ठिकाणी हात नीट हलत होते.

आकडा शंभरावर पोहोचला, त्या दुपारी त्या बाजारात गेल्या आणि एक वेगळी डिस्क घेऊन आल्या. एकाच घरात, एकाच खटक्यावर दोन प्रती म्हणजे एकच प्रत, एवढे त्यांना त्या सकाळने शिकवले होते. साऱ्या खुणा तिच्यावर उतरवून त्या दोन गल्ल्या पलीकडच्या शिंप्याकडे गेल्या. तो त्यांचा जुना विद्यार्थी होता. डिस्कमध्ये काय आहे ते बाईंनी हातांनी सांगितले आणि ती जपून ठेवायला त्याच्या हाती दिली.

त्याने मशीन थांबवून हातांनी विचारले, "यात मी आहे?"

"आहेस. नऊ वर्षांचा. सदतीस खुणा तुझ्या."

त्याने कात्र्यांचा खण रिकामा केला, डिस्क अस्तराच्या कापडात गुंडाळून आत ठेवली, आणि पुन्हा विचारले, "हिला वीज लागते का?"

"ठेवायला नाही लागत," बाईंचे हात म्हणाले. "सहा महिन्यांनी घेऊन ये, उघडून पाहू. पाणी तेवढं लागू देऊ नकोस."

शिंप्याने मान डोलावली, वर छपराच्या गळत्या कोपऱ्याकडे पाहिले, डिस्क त्या खणातून काढली आणि भिंतीकडच्या खणात ठेवली.